पॉइंट तीन

उमरेने टेबलावर आधी जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि मग बॉक्स ठेवला. बॉक्सच्या एका बाजूचा पिवळा रंग भाजून तपकिरी झाला होता. पुढची काच तडकली होती, पण जागेवर होती.

"आतून कोरडा आहे," तो म्हणाला. "मी झाकण उघडून पाहिलं. बोर्डाला काही झालेलं दिसत नाही."

"खाली कसं आहे?" मी विचारलं.

"काळं," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाही तरी काळंच असतं. पण हे वेगळं आहे."

खैरी खाणीच्या तोंडाशी मॅनेजरचं ऑफिस होतं, त्याच्या मागच्या खोलीत आम्ही बसलो होतो. मार्च २०११. बाहेर ऊन तापायला लागलं होतं आणि खिडकीतून खाणीत उतरायचा रस्ता दिसत होता. मी त्या रस्त्याने कधी गेले नव्हते. बाईने जमिनीखालच्या खाणीत कामाला उतरायचं नाही असा तेव्हा कायदाच होता. तो बॉक्स मी घडवला, म्हणजे त्याचं डोकं मी घडवलं, आणि तो जिथे टांगला होता ती जागा मला फक्त उमरेच्या मोबाइलमधल्या फोटोंतून माहीत होती.

आठ दिवसांपूर्वी, सकाळी दहाच्या सुमाराला तिथे वायू पेटला होता. दोन माणसं गेली. इस्तारी कोवे जागच्या जागी आणि देविदास निमगडे दुसऱ्या दिवशी चंद्रपूरच्या दवाखान्यात. त्यांना सुरुंग लावायची परवानगी देणारा मायनिंग सरदार, लटारी गेडाम, हातांवर भाजून वाचला होता. साडेअकराला चौकशी समिती बसणार होती. आता साडेदहा झाले होते.

त्या जागी आमचा बॉक्स का होता, ते सांगायला हवं. गॅलरीच्या, म्हणजे खाणीतल्या बोगद्याच्या, छताचा एक तुकडा मागे कधीतरी कोसळला होता आणि वर एक पोकळी राहिली होती. खाणीतला वायू हलका. तो वर जाऊन अशा पोकळीत साठतो. सरदार हातातल्या मीटरने तपासणी करतो, पण हात तिथवर पोहोचत नाही. म्हणून लटारी गेडाम आधी एका बांबूला मीटर बांधून वर धरायचे. आमच्या कंपनीने त्या पोकळीत सेन्सर बसवला, त्याची वायर खाली आणली आणि गॅलरीच्या तोंडाशी बॉक्स टांगला. बॉक्सवर टक्केवारीचा आकडा दिसायचा. सव्वा टक्क्याच्या खाली हिरवा दिवा, वर गेला की लाल. बांबूची गरज संपली.

बसवायच्या दिवशी गेडाम वर आले होते. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. मी लॅपटॉप उघडून बसलेली पाहून त्यांनी विचारलं, "तुमी खाली नाई येनार मॅडम?"

"परवानगी नाही."

"मग याले कसं समजंन खाली कसं हाय ते?"

मी हसले होते. म्हणाले होते, "आम्ही सगळं तपासून पाठवतो, लटारीभाऊ. तुम्ही फक्त आकडा पाहायचा."

"बरं," ते म्हणाले. "तुमी म्हनता तर पाहू."

माझं काम कर्नलचं होतं. कंप्युटरच्या पोटात सगळ्यांत खाली जो प्रोग्राम असतो, बाकीचे प्रोग्राम आणि यंत्र यांच्यामध्ये बसलेला, तो कर्नल. आम्ही वापरायचो तो जगातल्या हरेक यंत्रासाठी लिहिलेला आहे. प्रिंटर, कॅमेरे, कसकसली कार्डं, सगळ्यांची तजवीज त्यात असते. आमचा बोर्ड तळहाताएवढा, त्याची मेमरी तुटपुंजी. तेव्हा हजारो पर्यायांच्या यादीतून एकेका पर्यायापुढे हो किंवा नाही ठरवत जायचं, नको ते काढायचं आणि त्या एका बोर्डापुरता कर्नल बनवायचा. मला हे काम मनापासून आवडायचं. तीन महिने मी ती यादी वर-खाली करत होते. नागपूरच्या हिंगण्याला आमचं ऑफिस होतं, तिथे मला 'कात्रीवाली' म्हणायचे.

उमरेने बॉक्सला बरोबर आणलेला सुटा सेन्सर जोडला आणि बाहेरून वीज दिली. वीस सेकंदांनी काचेमागे आकडा उमटला. शून्य पॉइंट शून्य. हिरवा दिवा.

"चालतो," उमरे म्हणाला. त्याने इतका मोठा श्वास सोडला की मला ऐकू आला. "आपला बॉक्स चालतो, शर्वरी."

मी वायर जोडून लॅपटॉपवर आतली नोंद उघडली. बॉक्स दर मिनिटाला आकडा लिहून ठेवायचा. त्या दिवशीची पानं खाली सरकवत गेले. आठ वाजता पॉइंट दोन. साडेआठला पॉइंट दोन. नऊला पॉइंट तीन. नऊ वाजून अकरा मिनिटांनी पॉइंट तीन.

त्यानंतर काही नव्हतं.

सुरुंग दहा वाजून चार मिनिटांनी उडाला होता.

"पुढचं कुठे आहे?" उमरे माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला.

"पुढचं नाही."

"लाइट गेली असेल."

"लाइट गेली असती तर काच विझली असती. गेडाम म्हणतात, त्यांनी आकडा पाहिला. दवाखान्यात पहिल्याच दिवशी त्यांनी जबाब दिला आहे, पॉइंट तीन होता म्हणून."

उमरे हार्डवेअरचा माणूस होता, पण मूर्ख नव्हता. तो हळूच खुर्चीवर बसला. "म्हणजे बोर्ड अडकला होता," तो म्हणाला. "नऊ अकराला. आणि काचेवर जुना आकडा तसाच राहिला."

मी नोंद पुन्हा वर सरकवली.

"पण अडकला तर तो स्वतःहून पुन्हा सुरू होतो ना? त्यासाठी ती चिप लावली आहे मी. काय तिचं ते, वॉचडॉग."

वॉचडॉग म्हणजे बोर्डावरची एक छोटी चिप. प्रोग्रामने तिला दर दहा सेकंदांनी मी जागा आहे म्हणून कळवायचं. कळवलं नाही, तर ती काही न विचारता बोर्ड बंद करून पुन्हा सुरू करते. सुरू होईपर्यंत काच कोरी आणि दिवा लाल. लाल दिवा म्हणजे सरदाराने कुणालाही आत सोडायचं नाही.

"चिप खराब निघाली असेल का?" उमरेने विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता. चिप त्याने निवडली होती.

"पाहते," मी म्हणाले. "तू जरा चहाचं बघ."

तो गेल्यावर मी आणखी एक फाइल उघडली. कर्नल बनवताना एक सोय ठेवता येते. आपण कोणत्या पर्यायांपुढे हो म्हटलं आणि कोणत्यांपुढे नाही, ती सगळी यादी कर्नल स्वतःच्या पोटात बाळगतो. मी ती सोय मुद्दाम ठेवली होती, कारण ती चांगली सवय मानली जाते. यादीत वॉचडॉगचं नाव शोधलं. एकच ओळ आली. सेट नाही. म्हणजे त्या चिपला कुणी कधी जागंच केलं नव्हतं.

मला शोधायची गरज नव्हती. ती 'हो'ची खूण मीच पुसली होती.

आधीच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये बॉक्सची चाचणी होती. गरम, दमट पेटीत बहात्तर तास अखंड चालायला हवा, तरच खाणीत लावायची परवानगी. आमचा बॉक्स रात्रीतून सहा वेळा पुन्हा सुरू झाला. सेन्सरकडून उत्तर आलं नाही तर माझा ड्रायव्हर, म्हणजे सेन्सरशी बोलणारा प्रोग्राम, कधीकधी नुसता वाट पाहत बसायचा, आणि वॉचडॉग त्याला उठवायचा. खरं दुखणं शोधायला दोन आठवडे लागले असते. चार दिवस उरले होते. गोविलकर सर, आमचे मालक, एवढंच म्हणाले होते, "निखाडे, हे पुन्हापुन्हा सुरू होणं थांबलं पाहिजे." कसं थांबवायचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. मी यादी उघडली, वॉचडॉगपुढची खूण काढली आणि नवा कर्नल बनवला. मनाशी म्हटलं, चाचणीपुरतं. बॉक्स बहात्तर तास चालला. पेटीत एक टक्का वायू भरून ठेवला होता आणि काचेवर तीन दिवस एक टक्का दिसत होता. वायू बदलतच नव्हता, तेव्हा अडकलेला आकडा आणि खरा आकडा यांत फरक दिसला नसता. नोंद उघडून पाहिली असती तर कळलं असतं. मी उघडली नाही. सगळ्यांनी हात मिळवले. मग बॉक्स खाणींत गेले, एकूण बारा, आणि पुढचं काम टेबलावर आलं.

उमरे चहा घेऊन आला. मी लॅपटॉप मिटला होता.

"चिप?" त्याने विचारलं.

"चिप चांगली आहे."

"मग?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. गोविलकर सर नागपुरातून बोलत होते. "बॉक्स सुरू होतोय का?"

"होतोय."

"छान. समितीला दाखव. नोंदी मिळाल्या?"

उमरे माझ्याकडे पाहत होता. मी खिडकीकडे वळले. बाहेर झाडाखाली एक बाई बसली होती, डोक्यावरून पदर घेतलेली. आजूबाजूला चार-पाच माणसं होती, तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

"नोंदी खराब झाल्यात सर," मी म्हणाले. "स्फोटात."

 मला आजही वाटतं, त्यांनी तेव्हा एक प्रश्न आणखी विचारला असता तर मी सांगितलं असतं. ते म्हणाले, "ठीक आहे. तसं लिहून दे."

फोन ठेवला तेव्हा उमरे दाराशी उभा होता. "मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

समितीत तीन माणसं होती. ती वाईट नव्हती. मधल्या वयस्कर गृहस्थांनी मला पाणी दिलं, बसायला सांगितलं. बॉक्स सुरू करून दाखवायला लावला. मी दाखवला. सेन्सरवर नमुन्याचा वायू सोडला, आकडा वर गेला, सव्वाच्या पुढे दिवा लाल झाला.

"म्हणजे यंत्र नीट चालतं."

"हो," मी म्हणाले. त्या घटकेला ते खरं होतं.

"त्या दिवशीच्या नोंदी?"

"मिळवण्यासारख्या राहिल्या नाहीत."

त्यांनी लिहून घेतलं. गेडाम समोरच्या बाकावर बसले होते. दोन्ही हातांना पांढऱ्या पट्ट्या, आणि ते हात त्यांनी मांडीवर उताणे ठेवले होते, कुणीतरी काहीतरी द्यावं तसे. समिती त्यांच्याकडे वळली.

"यंत्र चालू होतं. पोकळीत वायू होता, तो पेटला. म्हणजे आकडा जास्त असणार. तुम्ही आकडा पाहिलात?"

"हो जी. पॉइंट तीन होता."

"कशावरून?"

"डोयानं पाह्यलं साहेब."

"सुरुंगाला उशीर झाला होता?"

"थोडासा."

"घाईत होता?"

"घाई रोजच असते जी."

"बांबू लावून का तपासलं नाही?"

"बाक्सा त्याच्यासाठीच लावला म्हनून सांगतलं होतं."

मधल्या गृहस्थांनी विचारलं, तुम्हाला आणखी काही म्हणायचं आहे का. गेडामांनी मान हलवली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडमले एक इचारू का?"

"विचारा."

"मॅडम, मी पाह्यलं तवाचाच तो आकडा होता का? का आधीचा होता?"

त्या खोलीत तो प्रश्न फक्त त्यांना सुचला होता. वरचा पंखा फिरत होता. उमरे भिंतीला टेकून बुटांकडे पाहत होता.

"ते आता सांगता येणार नाही, लटारीभाऊ," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवल्यासारखी.

महिन्याभराने निकाल आला. सरदाराने आकडा न पाहता परवानगी दिली. त्यांचं प्रमाणपत्र रद्द झालं, नोकरी गेली. उरलेल्या अकरा बॉक्सांमध्ये मी त्याच आठवड्यात नवा कर्नल घातला, वॉचडॉगसकट, आणि पत्रात लिहिलं, किरकोळ सुधारणा. जूनमध्ये वणीकडच्या एका खाणीत त्यातला एक बॉक्स अडकला, स्वतःहून पुन्हा सुरू झाला, दिवा लाल झाला. तिथल्या सरदाराने माणसं मागे घेतली. वर दोन टक्क्यांहून जास्त वायू निघाला. उमरेने मला हे फोनवर सांगितलं. त्याला आनंद झाला नव्हता, मलाही नाही. त्यानंतर आम्ही दोघं कामापुरतंच बोललो. वर्षाने मी ती कंपनी सोडून पुण्याला गेले. त्या दिवशीची नोंद आणि ती यादी एका पेनड्राइव्हवर माझ्याबरोबर होती.

२०१९ मध्ये कायदा बदलला. माझ्या नव्या कंपनीचं खाणीत काम होतं, मी पहिल्यांदा खाली उतरले. एका गॅलरीच्या तोंडाशी एक पिवळा बॉक्स टांगलेला होता, आमचा नव्हे, कुणा दुसऱ्याचा. आमच्याबरोबरच्या सरदाराने जाता जाता मान वर करून त्याकडे पाहिलं आणि आम्हाला म्हणाला, चला. त्याने पाहिलं की नाही हे कुणी शपथेवर विचारलं असतं, तर त्याला सांगता आलं असतं का, कोण जाणे. मी घरी येऊन सगळे कागद छापले. एक प्रत चौकशी करणाऱ्या कार्यालयाला पाठवली. उत्तर पुढे आलं: प्रकरण बंद झालं आहे, कागद फाइलला जोडून ठेवत आहोत. दुसरी प्रत घेऊन मी बसने गेडामांच्या गावी गेले.

ते अंगणात बाजेवर बसले होते. हातांची कातडी गुलाबी, चुरगळलेली. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. ओळखल्यावर बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

मी सांगितलं. सगळं, ऑक्टोबरपासून.  माझं झाल्यावर ते म्हणाले, "पन मी पाह्यलंच नव्हतं मॅडम."

मला वाटलं, मी नीट समजावलं नाही. "तुम्ही पाहिलं होतं. तो आकडा अडकलेला होता."

"नाई. मी मान खाली घालून गेलो. घाई होती. मले दिसते तसं. डोये मिटले का दिसते."

"तुम्ही दवाखान्यात जबाब दिला होता. पॉइंट तीन. नऊ अकराला काचेवर पॉइंट तीनच आला होता, आणि ही नोंद माझ्याशिवाय कुणीच पाहिली नव्हती. न पाहता तुम्हाला तो आकडा कुठून कळला असता?"

मी छापलेली नोंद पुढे केली, ते ती हातात घेऊन बसले. म्हणाले, "समिती झाल्यावर युनियनवाला म्हने, पाहाचं राह्यलं म्हनून लिहून द्या, साहेब लोक दया करतीन. मी देल्लं लिहून. मंग सगयेच तसं म्हनत. मंग मलेही तसंच आठवाले लागलं."

बायको चहा घेऊन दारात उभी होती. "मैनाले पन तेच सांगतलं यायनं," ती म्हणाली.

"मैना कोण?"

"यायची बहीन. इस्तारीची बायको." तिने अंगणाच्या कुडाकडे बोट केलं. पलीकडे एक बंद घर होतं. "त्या दिवसापासून बोलली नाई. मधात एवढाच कूड. आठ पोयाचे सण झाले त्याले. यंदा उन्हायात गेली. भावानं खांदा देऊ नये म्हनून सांगून गेली."

खाणीच्या ऑफिसबाहेर झाडाखाली बसलेली ती बाई कोण होती, ते मला तेव्हा कळलं.

"तुमाले हे कवा समजलं?" गेडामांनी विचारलं.

"त्याच दिवशी. समितीच्या आधी."

"म्हंजे मी इचारलं तवा."

"माहीत होतं."

त्यांनी पुन्हा मान डोलावली. राग यावा म्हणून मी वाट पाहत होते. तो आला नाही, किंवा आला असला तर त्यांनी मला दाखवला नाही. चहा बाजेच्या पायाशी तसाच होता. थोड्या वेळाने त्यांनी कागद माझ्यापुढे धरला.

"हे इंग्रजी हाय. मांगून मराठीत लिहून द्या."

मी कागद उलटा केला, मांडीवर धरला आणि लिहिलं. लटारी गेडाम यांनी परवानगी देण्याआधी आकडा पाहिला होता. आकडा अडकलेला होता. अडकला तर यंत्राने थांबावं, अशी सोय होती. ती मी काढली होती. हे मला चौकशीच्या आधी माहीत होतं आणि मी खोटं सांगितलं. खाली सही केली, तारीख घातली.

त्यांनी तो घेतला आणि ओठ हलवत, एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचला. शेवटपर्यंत गेले, पुन्हा वर आले आणि पहिल्या ओळीवर थांबले.

"इथं माह्या बापाचं नाव टाका," ते म्हणाले. "गावात लटारी गेडाम दोघं हायेत. लोकायले वाटंन, त्याचंच हाय."

मी नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मी लटारी आणि गेडाम यांच्या मधे खूण केली आणि वरच्या मोकळ्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं, चिन्नू.